मीरा रोडहून काम, पण कोणत्या नात्याने?

परदेशी सॉफ्टवेअर कंपनीचे ऑफर लेटर हाती पडले की पूर्वी घरात पहिली चौकशी व्हिसाची व्हायची. आता मीरा-भाईंदरमधला तरुण आधी विचारतो, हेच काम इथे बसून केले तर? प्रश्न रास्त आहे, मांडणी मात्र बहुधा चुकते. आईवडिलांना सोडवत नाही, फ्लॅटचा हप्ता चालू आहे, ही कारणे खरी असली तरी समोरच्या एचआरच्या हिशेबात ती बसत नाहीत. कंपनीला स्वतःचा खर्च कळतो, आणि तो सध्या उमेदवाराच्या बाजूने बोलतो. अमेरिकेने सप्टेंबर २०२५मध्ये बाहेरून बोलावायच्या माणसाच्या नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. वर्षाकाठच्या ६५,००० आणि अमेरिकेतली पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठीच्या आणखी २०,००० जागांची सोडत तर आधीपासून होतीच. तेव्हा घरून काम ही सवलत म्हणून मागू नये. कंपनीचा वाचणारा खर्च म्हणून पुढे ठेवावी.

कंपनीची भीती वेगळीच असते. इथे पगारी माणूस नेमला तर इथले कामगार कायदे लागू होतात, आणि भारतात आपले कायम आस्थापन आहे असे धरून आयकर खाते नफ्यावर कर मागेल, ही धास्तीही असते. म्हणून कंपनी सोपी वाट सुचवते: नोकर नको, कंत्राटदार व्हा. खरी घासाघीस इथे करायची, आणि नेमके इथेच डॉलरचा आकडा पाहून माणूस भुलतो. कंत्राटदाराला भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, करारात लिहिली नसेल तर भरपगारी रजाही नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी आली. सेवेची निर्यात शून्य दराची असली तरी विवरणपत्रे भरावीच लागतात. पैसे कोणत्याही देशाच्या बँकेत जमा होवोत, इथे बसून केलेल्या कामाच्या कमाईवर कर इथेच लागतो. त्यामुळे कंपनीची भारतात शाखा असेल तर तिच्या पटावर घ्या, नसेल तर इथल्या पगारपत्रकाची जबाबदारी घेणाऱ्या मध्यस्थ संस्थेमार्फत नेमा, ही मागणी पगाराच्या आकड्याआधी यावी. दोन्ही नाकारले, तर वरच्या सगळ्या गोष्टींची किंमत लावून दर वाढवून मागावा.

फार ताणले तर ऑफरच जाईल, असे घरची मंडळी म्हणतील. तसे होऊ शकते. पण मुलाखतींच्या फेऱ्यांवर वेळ घालवून निवडलेल्या माणसाला कंपनी एका लेखी प्रश्नासाठी सहसा सोडत नाही, आणि सही झाल्यावर विचारायला तोंड उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नजरेआड गेलेल्याची बढती अडते. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांच्या चीनमधल्या २०१५ सालच्या अभ्यासात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, पण त्या मानाने बढती मिळाली नाही. त्यांच्याच २०२४च्या अभ्यासात १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी घरून काम करणाऱ्यांमध्ये नोकरी सोडण्याचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाने घटले आणि बढतीवर परिणाम दिसला नाही. मात्र ती माणसे आठवड्याचे दोनच दिवस घरून काम करत होती. हा दाखला पूर्णवेळ मीरा रोडहून काम करणाऱ्याने आपल्या बाजूने ओढू नये. त्याने बढतीचे निकष लिहून मागावेत, आणि एकत्र हजर राहायचे तासही. कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा झालेले असतात. वन बीएचकेमध्ये त्या वेळी हॉलमध्ये अंथरुणे पडलेली असतात.