कोथिंबिरीला सनद, धने बेदखल

लातूरच्या गंजगोलाईत भाजी घेऊन झाल्यावर, पिशवीचे तोंड आवळता आवळता, ‘मावशी, वर जरा कोथमीर टाका की’ असे म्हणण्याचा जो हक्क प्रत्येक गिऱ्हाईक जन्मसिद्ध समजतो, आणि जो नाकारण्याचे धैर्य समोरच्या भाजीवालीच्या अंगी सहसा नसते, त्या हक्कापायी एका पिकाची किंमत आपण सर्वांनी मिळून शून्यावर आणून ठेवली आहे. मीही त्या गिऱ्हाइकांपैकीच एक. वांगी पावशेर घ्यावीत आणि कोथिंबीर मूठभर फुकट मागावी, यात मला कधी लाज वाटली नाही. वाटली ती 2024 साली, औसा तालुक्यातील आशिवच्या कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळाल्याची वार्ता वाचली तेव्हा. जी वस्तू आपण वरकड म्हणून मागून घेतो, तिला सरकारदरबारी सनद मिळाली होती.

त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यातील आणखी दोन जिनसा त्या मानाला पोहोचल्या: पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ. हार-तुरे झाले, छायाचित्रे छापून आली, आणि ते योग्यच झाले. परंतु या तीन मानकऱ्यांना एका ओळीत बसवताना एक मोठा भेद कोणी विचारात घेतला नाही. चिंच फोडून, मीठ लावून मडक्यात भरली की वर्ष काढते. डाळ कोरडी ठेवली तर तीही टिकते. कोथिंबीर मात्र पहाटे उपटलेली दुपारी मान टाकते आणि दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. जिला स्वतःचे आयुष्यच दीड दिवसाचे, तिने दहा वर्षांच्या मुदतीची सनद घेऊन करायचे काय? पुण्या-मुंबईच्या बाजारात ती पोहोचेपर्यंत तिच्या जुडीला औशाचा वास उरतो की टेम्पोतल्या ओल्या गोणपाटाचा, हे सांगणे कठीण आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या सनदेचा खरा वारस पाला नसून धने आहेत, आणि धन्यांना आपण आपल्याच शेतातून बेदखल करून ठेवले आहे.

धने ज्या कुळातले, ते कुळ मोठे मातब्बर आहे. जगभर त्याच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती सांगतात. देठाच्या एकाच टोकातून छत्रीच्या काड्यांसारख्या दांड्या फुटाव्यात आणि प्रत्येकीच्या शेंड्यावर बारीक फुलांचा झुबका यावा, अशा त्याच्या फुलोऱ्याला आपल्या शास्त्रीय परिभाषेत ‘चामरकल्प’ असे मोठे राजस नाव आहे. गाजर, शेपू, बडीशेप, जिरे, शहाजिरे, ओवा, अजमोदा, हिंग आणि अलीकडे मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत ताटाच्या कडेला शोभेपुरती ठेवलेली पार्सली, हे सगळे त्या चामराखालचे भाऊबंद. मराठवाड्यातील मूल जन्माला येते तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत जी धुरी देतात, तीत ओवा आणि बाळंतशेपा असतात. म्हणजे आईच्या दुधाच्या वासाखालोखाल आपली ओळख होते ती याच कुळाच्या वासाशी. भाषेतही ते मुरले आहे. ज्याला पारख नाही तो गाजरपारखी, आणि ज्याची पत संपली त्याला कोणी हिंग लावूनही विचारत नाही. (सॉक्रेटिसाला जो विषाचा प्याला पाजला, ती वनस्पतीही याच घराण्यातली, थोर घराण्यात एखादा कुलांगार निघायचाच.)

कोथिंबिरीला संस्कृतात ‘कुस्तुंबुरु’ म्हणत, आणि या एका शब्दाच्या सिद्धीसाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे. आज निलंगा-देवणीकडून कर्नाटकात उतरले की ती ‘कोत्तंबरी’ होते, देगलूर-धर्माबादकडून तेलंगणात गेले की ‘कोत्तिमीर’, आणि किनवट-माहूरकडे वऱ्हाडची हवा लागली की ‘सांबार’. चार बोलींच्या सीमेवर जिचे नाव असे बदलत जाते, ती वनस्पती या मुलखात उपरी नव्हे.

आता धन्याकडे जरा निरखून पाहू. ज्याला आपण बी म्हणतो ते वस्तुतः फळ आहे. हातावर एक टपोरा धना घेतला, तर त्याच्या गोल अंगावर वरपासून खालपर्यंत बारीक उभ्या रेषा दिसतात, आणि शेंड्याला एक इवलेसे टोक, फुलाच्या वेळची वाळून राहिलेली खूण. अंगठ्याखाली दाबला की तो बरोबर मधोमध दुभंगतो, दोन वाट्या एकमेकींवर पालथ्या घालाव्यात तसा; आणि प्रत्येक वाटीत एकेक बी. म्हणून जाणता शेतकरी धने अख्खे पेरीत नाही. माझ्या आजोळी आजी पोत्यावर धने पसरी आणि आजोबांची जुनी वहाण घेऊन त्यांवर अगदी हलक्या हाताने, लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी, रगडीत असे. जोर कमी पडला तर धना फुटत नाही, जास्त झाला तर आतले बी चिरडते. ‘एकाचे दोन करायचेत, पीठ नाही करायचं’, असे ती मला बजावी. हिरवा कच्चा धना चुरडला तर ढेकणासारखी दुर्गंधी येते आणि तोच पिकून वाळला की गोड सुगंध देतो, हा चमत्कारही तिनेच मला दाखवला. त्या मागची रसायने मी पुढे वाचली, पण नाक तिचे होते.

ही वहाण आज कोणाच्या घरी फिरते? पाल्याचे पीक चाळीस-पंचेचाळीस दिवसांत उपटून मोकळे होता येते. धने पिकवायचे तर तीन-साडेतीन महिने रान अडकून राहते. तेव्हा शेतकरी बियाणाची पुडी दुकानातून आणतो, पाला उपटून आडत्याच्या दारी नेऊन टाकतो, आणि हाती पडेल ती पट्टी मुकाट्याने घेतो. भाव चांगला असला तर गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाऊन चार पैसे उरतात. भाव पडला तर जुड्या रस्त्यावर फेकून रिकाम्या हाताने घरी येण्याचे दिवसही त्याने पाहिले आहेत. आणि त्याच गावातील किराणा दुकानात जे धने पोत्यातून मोजून मिळतात, ते बहुधा राजस्थानच्या रामगंज मंडीतले किंवा मध्य प्रदेशातल्या गुना भागातले. एका दुकानदाराला मी विचारले, ‘आपल्याकडचे धने नाहीत का?’ तो म्हणाला, ‘साहेब, आपल्याकडं कोथमीर होती, धने कुठं होत्यात!’ ज्या जिल्ह्याच्या कोथिंबिरीला देशभर मिरवण्याचा परवाना मिळाला, त्या जिल्ह्यातील लग्नाच्या येसर आमटीत परमुलखातले धने भाजले जावेत, याला काय म्हणावे?

मानांकनाच्या कायद्याविषयीही एक भाबडा समज सर्वत्र दिसतो. 1999 च्या या अधिनियमान्वये चेन्नईच्या दप्तरात नाव नोंदले गेले, म्हणजे आशिवच्या प्रत्येक वाफ्यावर आपोआप मोहोर उमटली, असे नव्हे. ज्या शेतकऱ्याला ते नाव वापरायचे आहे, त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची पृथक् नोंद करून घ्यावी लागते. ती नसेल तर मानांकन ते मिळवणाऱ्या संस्थेच्या भिंतीवर चौकटीत लटकते आणि जुडी पूर्ववत निनावी राहते. त्याहून मूलगामी प्रश्न बियाणाचा आहे. कोथिंबिरीत परपरागीभवन होते. मधमाशी या वाफ्यातून त्या वाफ्यात जाताना सनद तपासत नाही. शेजारच्या रानात पुडीतले वाण फुलावर आले, तर तुमच्या देशी वाणाच्या पुढच्या पिढीत त्याचे रक्त मिसळते. गावाने मिळून, काही अंतर राखून, बियाणासाठी म्हणून स्वतंत्र प्लॉट धरले नाहीत, तर दहा वर्षांनी सनदेचे नूतनीकरण होईल आणि ज्याच्यासाठी ती घेतली ते वाण तोवर नामशेष झालेले असेल.

फुलावर आलेल्या कोथिंबिरीचे आणखी एक काम आहे, जे मोंढ्याच्या तराजूला कळत नाही. तिच्या चामराच्या कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मुद्दाम मोठ्या असतात. सगळा झुबका मिळून एकच मोठे फूल भासावे, अशी ती योजना. मधही उघड्यावर ठेवलेला. त्यामुळे मधमाशीबरोबर आखूड सोंडेचे लहानसहान कीटकही तिथे पोट भरतात, आणि त्यांतच घाटेअळीच्या अंगात अंडी घालून तिचा फडशा पाडणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीतल्या बारीक माश्याही येतात. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतील संशोधकांनी हरभऱ्यात कोथिंबीर पेरून हीच गोष्ट पाहिली. आमच्या आज्यापणज्यांनी हरभऱ्याच्या पाटात धन्यांच्या चार ओळी टाकण्याची चाल काही प्रयोगशाळेतून उचलली नव्हती. पण पीकपाहणीच्या रकान्यात त्या चार ओळींना कधी जागा मिळाली नाही, आणि ज्याला रकाना नाही त्याला अनुदान नाही, विमा नाही, आणि सोयाबीनच्या सलग रानात तर पायही ठेवायला जागा नाही.

पाण्याची बाजू मी लांबवत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणून प्यालेल्या शहराला, ज्याचे मांजरा धरण धनेगाव नावाच्याच गावी आहे त्या शहराला, उसापेक्षा धन्यांना पाणी किती कमी लागते, हे सांगण्याची गरज नसावी.

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही, की रान तीन महिने अडकवून धन्यांचा भाव राजस्थानाशी कसा स्पर्धेला उतरायचा? उतरू नये. पोत्याच्या धन्यांशी स्पर्धा करण्यासाठी मानांकन लागतच नाही. सगळे रान धन्यांखाली घाला असेही मी म्हणत नाही. दहा वाफ्यांपैकी दोन उपटू नका, इतकेच. त्या दोन वाफ्यांचे धने अर्धा किलोच्या पाकिटात, गावाच्या नावाने, वापरकर्त्याच्या नोंदीसह विकले जावेत. उरलेले पुढच्या वर्षीचे बियाणे व्हावे. आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्या वाणाची शुद्धता राखण्याची जबाबदारी पत्करावी. जिल्ह्याच्या कृषी खात्याने या दोन वाफ्यांना पीकपाहणीत एक रकाना दिला, तर तो खर्चाचा नव्हे, केवळ शाईचा प्रश्न आहे.

गेल्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, औसा तालुक्यातील एका परिचिताच्या शेतात गेलो होतो. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, आंबिलीचा माठ उघडला, ओले हरभरे, तुरीचे दाणे, गाजर सगळे एकत्र शिजवलेली भज्जी पानात पडली. जेवण झाल्यावर बांधाकडे पाहिले तर एका कोपऱ्यात कोथिंबीर गुडघाभर वाढून पांढऱ्या-जांभळट फुलांनी डवरली होती आणि माश्यांचा नुसता गुंजारव चालला होता. ‘ही उपटायची राहिली वाटतं’, मी म्हणालो. यजमानांची म्हातारी आई पान उचलता उचलता थांबली. ‘राहिली न्हाई, ठिवलीय’, ती म्हणाली, आणि खरकटे घेऊन गुरांकडे निघून गेली.