थोरला मुलगा कुठे गेला?

मालिकेतून न सांगता गायब झालेल्या एका काकांवर मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर आलेली बरीच पत्रं एकाच वाक्यावर संपतात : मालिकाच आहे ती, सोडून द्या. सांगलीत विश्रामबागला वालचंद कॉलेजच्या बाजूला सकाळी फिरताना भेटणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी तर मला थांबवून सुनावलं. "अहो, गायब झालेल्या त्या काकांचं एवढं काय घेऊन बसलात? लोक जेवता जेवता बघतात आणि झोपतात." गुरुजींबद्दल आदर आहे, म्हणून रस्त्यात वाद घातला नाही. पण विषय सोडणार नाही. उलट गेल्या आठवड्यात जागेअभावी जे राहिलं, ते आज लिहितो.

जुन्या दिवसांवरच्या मालिकेचा सगळा व्यवहार आठवणीवर चालतो. तुमचं लहानपण मी जपून ठेवलंय, या, दाखवते, असं ती सांगते. सारवलेली पडवी, पितळी तांब्या, सायकलच्या कॅरियरला अडकवलेला डबा, रेडिओवर टाकलेला विणलेला रुमाल. बघणारा विरघळतो, कारण ते सगळं त्याचं असतं. आणि मग तीच मालिका स्वतः सांगितलेलं विसरते. पहिल्या आठवड्यात मुंबईहून पत्र पाठवणारे काका दोन महिन्यांनी घरात कुणालाच आठवत नाहीत, आणि आजी डोळ्यांत पाणी आणून म्हणते, मला एकच मुलगा. रहस्यकथेत धागा निसटला तर कोडं बिघडतं. इथे निसटला तर ज्या भरवशावर माणूस बघायला बसला, तो भरवसाच जातो.

वस्तूंच्या चुकांबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी स्पष्ट करतो. 'डाउन्टन अॅबी' या इंग्लंडमधल्या मालिकेच्या प्रसिद्धीसाठी २०१४ मध्ये एक छायाचित्र काढलं गेलं. १९२० च्या दशकातला उमराव, भरजरी दिवाणखाना, आणि मागे शेकोटीवरच्या फळीवर प्लास्टिकची पाण्याची बाटली. जगभर हसू झालं. या मालिकेकडे इतिहासाचे सल्लागार होते, तरीही बाटली राहिली. 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये २०१९ साली मेजवानीच्या टेबलावर कॉफीचा कप दिसला, तो चॅनलने नंतर पुसून टाकला. दमलेल्या माणसाच्या हातून असं घडतं. बाटली उचलायची राहिली म्हणून कुणाचं नातं तुटत नाही.

नातं तुटतं ते कसं, हे बघायचं असेल तर दोन अमेरिकन मालिका शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. दोन्ही वीस वर्षांमागच्या दिवसांवर, दोन्ही एका मध्यमवर्गीय घराच्या, आणि दोन्ही घरांत तीन मुलं.

पहिली 'हॅपी डेज'. १९७४ च्या जानेवारीत सुरू झाली, १९८४ पर्यंत चालली. १९५० च्या दशकातलं मिलवॉकी शहर आणि तिथलं कनिंगहॅम कुटुंब. आईवडील, थोरला चक, मधला रिची, धाकटी जोनी. चक कॉलेजात जाणारा, बास्केटबॉलचा चेंडू घेऊन घरात येणारा. त्याचं काम करणारे नट एकामागून एक बदलले, ते एक वेळ चाललं. पण दुसऱ्या वर्षानंतर चकच नाहीसा झाला. मेला नाही, बदलीच्या गावी गेला नाही, सैन्यात भरती झाला नाही. त्याचं नाव घ्यायचं थांबलं, इतकंच. पुढे नऊ वर्षं त्या घरात नाताळ झाले, वाढदिवस झाले, भांडणं झाली, पण थोरल्याला एक पत्र लिहावं असं आईलाही वाटलं नाही. १९८४ च्या शेवटच्या भागात जोनीचं लग्न आहे. वडील उभे राहून चार शब्द बोलतात, प्रेक्षकांचे आभार मानतात, आणि दोन गुणी मुलं वाढवल्याचं समाधान व्यक्त करतात. दोन! असा विनाकारण नाहीसा झालेला माणूस टीव्हीच्या कुठल्याही मालिकेत दिसला की अमेरिकेत आजही चकचंच नाव काढतात.

कारण अगदी व्यवहारी होतं. फाँझी नावाचं एक किरकोळ पात्र अनपेक्षितपणे लोकांना आवडलं. चामडी जाकीट, मोटरसायकल आणि हेन्री विंकलरचा अभिनय. तिसऱ्या वर्षी फाँझी कनिंगहॅमांच्या गॅरेजवरच्या खोलीत राहायला आला आणि रिचीचा थोरला भाऊ तोच झाला. चकला काम उरलं नाही, हे निर्माते गॅरी मार्शल यांनीही सांगितलेलं आहे. त्याच वर्षी एका कॅमेऱ्यावरचं चित्रीकरण सोडून मालिका तीन कॅमेरे आणि समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे नेली, त्यासाठी सेट नव्याने उभारला, त्यात घराची मांडणीही बदलली. म्हणजे एकाच उन्हाळ्यात घर फिरलं आणि घरातला एक मुलगा गेला. घर फिरलं ते मी माफ करतो. मुलाच्या जाण्यासाठी एका संवादाची गरज होती, आणि तो कुणी लिहिला नाही.

आता दुसरी, 'द वंडर इयर्स'. १९८८ ते १९९३. गोष्ट १९६८ ते १९७३ ची, आणि मालिकेचं प्रत्येक वर्ष म्हणजे गोष्टीतलंही एक वर्ष. केव्हिन बारा वर्षांचा असताना मालिका सुरू होते. फ्रेड सॅव्हेजचा आवाज फुटतो, उंची वाढते, तेव्हा केव्हिनचंही वय तेच असतं, त्यामुळे लपवायचं काही उरतच नाही. या घरातही थोरलं मूल आहे, कॅरन. तीही पुढेपुढे पडद्यावर कमी दिसू लागते. पण तिचं काय झालं ते आपल्याला माहीत असतं. ती वडिलांशी भांडते, घर सोडते, लग्न करते, नवऱ्याच्या नोकरीपायी अलास्काला जाते. आणि शेवटच्या भागात मोठा झालेला केव्हिन, म्हणजे निवेदक, घरातल्या प्रत्येकाचा हिशेब देतो. वडील दोन वर्षांनी गेले. भावाने त्यांचा कारखाना सांभाळला. आई कामात पुढे गेली. कॅरनला मुलगा झाला. जी आठवड्याला दिसतही नव्हती, तिचं बाळंतपणसुद्धा विसरलेलं नाही.

एका मालिकेच्या निरोपात बापाची मुलं मोजण्यात चूक होते, दुसरीच्या निरोपात दूर गेलेल्या बहिणीचा मुलगा नोंदवला जातो. पैसा दोघींकडे होता, लेखकही चांगले होते. फरक एवढाच की दुसरीला आपण कुठून निघालो आणि कुठे आहोत हे ठाऊक होतं. तिच्यात पडद्यावरच्या एका वर्षाला गोष्टीतलं एकच वर्ष होतं. कोरियाच्या युद्धावरच्या 'मॅश' या अमेरिकन मालिकेचं उदाहरण याच्या उलट टोकाचं. कोरियाचं युद्ध १९५० च्या जूनपासून १९५३ च्या जुलैपर्यंत, म्हणजे ३७ महिने चाललं. मालिका ११ वर्षं चालली. मग नायकाला सुरुवातीला असलेली आई आणि बहीण पुढे नाहीशा होतात, तो लहानपणीच आई गमावलेला एकुलता एक मुलगा ठरतो. १९५२ च्या सप्टेंबरात छावणीत दाखल झालेला कर्नल नंतरच्या एका भागात १९५१ चं सगळं वर्ष तिथेच काढताना दिसतो. मधल्या काळात मूळ लेखक आणि निर्माते बाहेर पडले होते. आणि त्या वेळी घरोघरी टेप नव्हत्या. आठवड्याला एकदा दिसलेला भाग कुणी पुन्हा तपासणार नाही, या हिशेबावर सगळं चालायचं. तो हिशेब आज कोसळला आहे. सगळे भाग फोनवर आहेत, आणि आमच्या गल्लीतली कॉलेजातली मुलगीसुद्धा पहिला आणि दोनशेवा भाग एकाच रात्री बघते.

आपल्याकडे तर याचं मोल जास्त. मराठी घराची गोष्ट नात्यांवर उभी असते. चुलता, आत्या, थोरली जाऊ, यांच्याशिवाय आपली मालिका एक दिवस चालत नाही. खऱ्या आयुष्यात आपल्याकडे माणूस गेला तरी वारसनोंद होईपर्यंत सातबाऱ्यावर त्याचं नाव राहतं. बहिणीला हक्क सोडायचा तर कागद करावा लागतो. मिरज, तासगाव, वाळव्याच्या तलाठ्याला विचारा, एखादा भाऊ विसरून वाटणी झाली आहे का कधी. ज्या समाजात माणूस कागदावरून असा सहज पुसला जात नाही, त्या समाजाच्या मालिकेत तो एका संवादाविना पुसला जातो, याचा मला राग येतो.

काही वाचकांनी विचारलंय, नट बदलला तर ते कसं चालतं? चालतं, कारण ते उघड असतं. 'उंच माझा झोका' आठवा, २०१२ ची. छोटी रमा तेजश्री वालावलकर, मोठी रमा स्पृहा जोशी. चेहरा बदलला आणि प्रेक्षक एका भागात रुळला, कारण माणूस तोच होता. रमाबाई रानडे मूळच्या आपल्या देवराष्ट्र्याच्या, १८६२ चा जन्म. त्या मालिकेला एक मोठा आधार होता. रमाबाईंनी स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्या, १९१० मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. लग्न कधी, बदली कुठे, घरात कोण होतं, हे पुस्तक उघडून बघता येतं. कल्पित कुटुंबाला असं पुस्तक नसतं. ते मालिकेनेच लिहून ठेवायचं असतं.

लिहून ठेवतं कोण? सेटवर या कामाला नुसतं कंटिन्युइटी म्हणतात, आणि ते सहायक दिग्दर्शकांतल्या सगळ्यात नव्या पोराकडे किंवा पोरीकडे असतं. त्याने फोनवर फोटो काढायचे. पदर कुठल्या खांद्यावर, पेला किती भरलेला, घड्याळात किती वाजलेले. चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने होत नाही. माजघराचे प्रसंग लागोपाठ उरकायचे, मग ओसरीचे, आणि ते चार वेगवेगळ्या भागांतले असतात. आठवड्याला सहा भाग द्यायचे. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की चॅनलच्या सूचना चौथ्याच. पूर्वी दूरदर्शनवर तेरा भागांची मालिका असे, तिची संहिता एका माणसाच्या डोक्यात मावत असे. आता काय काय घडतं बघा. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात चित्रीकरण थांबलं तेव्हा कित्येक मराठी मालिकांची युनिटं गोव्याला गेली, आणि मेच्या सुरुवातीला तिथेही काम बंद पडलं. मिळेल त्या घरात, येऊ शकतील त्या नटांवर भाग काढले गेले. त्या दिवसांतल्या विसंगतींबद्दल मी कधीच लिहिलं नाही, लिहिणारही नाही. ती माणसं पोटासाठी जिवावर उदार होऊन काम करत होती.

पण एरवी? फोटो काढणाऱ्या पोरीला पदराचा खांदा माहीत असतो. काकांचं पत्र कुठल्या भागात आलं होतं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, कारण ती शंभराव्या भागाला रुजू झालेली असते. कपड्यांची वही आहे, कुटुंबाची वही नाही. माझं जुनं म्हणणं इथे पुन्हा मांडतो, नेहमीच्या वाचकांनी सहन करावं : श्रेयनामावली दिसेनाशी झाली तेव्हापासून हे वाढलं. भाग संपताच नावं कोपऱ्यात दाबून, न वाचता येतील अशा वेगाने पळवतात. ज्याचं नाव कुणी वाचणार नाही, त्याने कुणासाठी जपून काम करायचं? आकडेवारी माझ्यापाशी नाही, पण मला हे खरं वाटतं आणि मी ते लिहीत राहणार.

गुरुजींना माझा उलट प्रश्न आहे. समजा उद्या कुणी आपल्या विश्रामबागवरच मालिका काढली. १९५२ साल. खानापूर तालुक्यातला एक मुलगा इंजिनीअर व्हायला येतो. त्याने जिल्ह्याचं नाव काय सांगायचं? सांगली नव्हे. १९४९ पासून १९६० पर्यंत हा दक्षिण सातारा जिल्हा होता. कॉलेज कुठलं? वालचंद म्हणायचं नाही. १९४७ ला सुरू झालेलं ते न्यू इंजिनीअरिंग कॉलेज होतं, वालचंद हे नाव १९५५ चं. शेजारचं विलिंग्डन मात्र १९१९ पासून त्याच नावाने उभं आहे. मिरजेकडून येणारी गाडी मीटरगेजची, ब्रॉडगेज १९७१ मध्ये आली. खिशात आणे, नवे पैसे १९५७ च्या एप्रिलपासून. खोलीवर रेडिओ लावला तर आकाशवाणी सांगली ऐकू येणार नाही, ते केंद्र १९६३ चं.

ही माहिती कुठल्याही ग्रंथालयात मिळते, आणि पहिल्या दहा भागांत ती पाळलीही जाईल. माझी भीती नव्वदाव्या भागाची आहे. तोच मुलगा म्हातारा होऊन नातवाला सांगेल, मला वालचंदला प्रवेश मिळाला त्या दिवशी सांगली केंद्रावर गाणं लागलं होतं. म्हाताऱ्याची आठवण चुकली, असं कुणी समर्थन करेल. पात्राची आठवण चुकू शकते, तो त्याचा स्वभाव झाला, पण मग शेजारी बसलेल्या आजीने तरी म्हणायला हवं, अहो, तेव्हा कुठलं सांगली केंद्र! ते वाक्य संहितेत असेल तर मी टाळ्या वाजवीन. ते नसेल तर लेखक विसरला आहे.

म्हणून निर्मात्यांना विनंती आहे. आमच्या भागावर, आमच्या जुन्या दिवसांवर मालिका करणार असाल तर जरूर करा, आम्ही वाट बघतोय. पहिल्या दिवशी कुटुंबाची वही घाला, आणि ती सांभाळायला एक माणूस शेवटच्या भागापर्यंत ठेवा. संहिता घेऊन विश्रामबागला या. आणे मोजलेली आणि मीटरगेजने प्रवास केलेली माणसं इथे अजून आहेत, बसून वाचून देतील. पैसे मागणार नाहीत. फक्त त्यांची नावं शेवटी द्या, आणि ती वाचून होईपर्यंत पडद्यावर राहू द्या.

– विश्रामबागकर