जुनं नाणं, लाखाचा भाव आणि आपल्याला घातली जाणारी टोपी

मंडळी, आपली गंमत बघा. दहा रुपयांचं खरं नाणं दिलं तर दुकानदार म्हणतो, "हे चालत नाही, नोट द्या." रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलंय की दहाच्या नाण्याची १४ डिझाईन्स आहेत आणि सगळी चलनात आहेत. तरी विश्वास नाही. पण त्याच दुकानदाराच्या मोबाईलवर "वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं विका, दहा लाख मिळवा" असा व्हिडिओ आला की त्यावर लगेच विश्वास!

हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. पद्धत ठरलेली आहे. नाण्याचा फोटो पाठवा. तासाभरात "सर, तुमचं नाणं सिलेक्ट झालं." मग नोंदणी फी. ती भरली की जीएसटी. मग रिझर्व्ह बँकेचं एनओसी, शिक्क्यासकट. मग कुरिअर अडकलंय, थोडे भरा. आधीचे गेलेले परत मिळावेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. आपल्याकडच्या एका निवृत्त काकांचे असेच टप्प्याटप्प्याने पैसे गेले. तक्रार द्यायला गेले तर समोरून पहिला प्रश्न काय? "काका, या वयात लोभ कशाला?" ते तसेच घरी आले. चोर बाजूलाच राहिला, लाजायची वेळ काकांवर आली.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली होती. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही नाही, त्यासाठी फी किंवा कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असं त्यात स्पष्ट आहे. तुमच्या बँकेच्या दारावर ही सूचना मराठीत लावलेली पाहिलीत का कधी?

आता खरं काय ते. जुन्या नाण्यांना भाव असतो, नाही असं नाही. पण जुनं म्हणजे महाग नव्हे. तसलं नाणं किती उरलंय, किती चांगल्या अवस्थेत आहे आणि ते कुणाला हवंय, यावर भाव ठरतो. १९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा घराघरांत सापडतो, कारण तो प्रचंड पाडला गेला. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मीळ आहे. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. पण १९३९ ला मागणी म्हणून आकडा कोरून बदललेले नकली रुपयेही फिरतात. वैष्णोदेवीचं नाणं तर २०१२ चं, साध्या चलनातलं. आणि १८१८ साल घातलेली, रामदरबाराची "ईस्ट इंडिया कंपनीची" नाणी? कंपनीने तशी नाणी कधी पाडलीच नाहीत. ती नंतर बनवलेली आहेत.

चुकीच्या छपाईच्या नाण्यांचंही तसंच. चूक टांकसाळीत झालेली असेल तरच तिला किंमत. ठसा मधोमध न बसता एका बाजूला सरकलेला, किंवा आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहिल्यामुळे एका बाजूला तेच चित्र उलटं आणि खोलगट उमटलेलं. या दुसऱ्या प्रकाराला नाणेवाले "लखी" म्हणतात. रुळावर चेपलेलं, हातोडीने ठोकलेलं, कानशीने घासलेलं नाणं म्हणजे चूक नव्हे, ते खराब झालेलं नाणं. दोन्ही बाजूंना सरळ छाप दिसला तर आधी कड बघा, भिंगाखाली सांधा दिसेल. दोन नाणी कापून चिकटवलेली असतात.

आणि एक हात जोडून सांगणं. देवघरातली, डब्यातली जुनी नाणी चिंच, लिंबू, राख लावून घासू नका. चकाकी येते आणि किंमत जाते. जाणकाराला ते लगेच कळतं.

विहीर किंवा पाया खणताना हंडा सापडला तर? लपवून सोनाराकडे वितळवण्यात शहाणपण नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. आपल्या भागाचा इतिहास भट्टीत जातो ते वेगळंच.

माझं म्हणणं असं की दोष फक्त लोभाचा नाही. ज्याच्या घरात लग्न तोंडावर आहे किंवा दवाखान्याचं बिल थकलंय, त्याला आजीच्या डब्यात आशा दिसणारच. त्याने विचारायचं कुणाला? तालुक्याला खरं सांगणारं माणूस नाही आणि खोटं सांगणारे खिशातल्या फोनमध्ये. त्यात आमच्या धंद्यातली मंडळीही "हे नाणं असेल तर व्हाल लखपती" अशा बातम्या लावून क्लिक मिळवतात. हे बंद झालं पाहिजे.

मागण्या साध्या आहेत. प्रत्येक बँक शाखेत ती सूचना मराठीत लागावी. कॉलेजच्या इतिहास विभागाने वर्षातून एकदा जाणकार संग्राहकांना बोलवून "नाणं दाखवा, माहिती घ्या" असा दिवस ठेवावा, फुकट. आणि पोलीस ठाण्यात रक्कम कितीही लहान असो, तक्रार घ्यावी. उपदेश नको.

तोवर एवढं लक्षात ठेवा: खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

घरातल्या मोठ्यांना हे वाचून दाखवा. फोन बहुतेक त्यांनाच येतात.