निदानाची मजुरी

मासेमारीचा हंगाम सुरू झाला की आमच्या खाडीकाठच्या वर्कशॉपात दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न ऐकू येतो, ‘मिस्त्री, काय बदलावं लागेल?’ इंजिनाला झालंय काय, असे विचारणारा क्वचितच भेटतो. मच्छीमार नौकांची डिझेल इंजिने उघडण्यात तीस वर्षे घालवल्यावर माझे मत झाले आहे की, आपल्या बंदरावरचा खरा बिघाड या प्रश्नातच आहे.

मी उमेदवारी करत होतो तेव्हाची गोष्ट. एक नाखवा वैतागून आला. त्याच्या नौकेचे इंजिन धक्क्यावर उत्तम चाले, खाडीतही तक्रार नसे. बाहेर समुद्रात गेले की मात्र दोनेक तासांनी दम लागल्यासारखे होऊन बंद पडे. अर्धा तास थांबले की पुन्हा सुरू! दोन मिस्त्र्यांनी नॉझल बदलले, पंप शहरात पाठवून सेट करून आणला, फिल्टर नवे घातले. आजार तसाच. आणि इंजिन मेलेली नौका लाटांना आडवी होते, तेव्हा आतल्या माणसांचे काय होते हे किनाऱ्यावर बसून कळत नाही.

आमच्या वस्तादांनी पान्याला हात लावला नाही. ते विचारत राहिले. ‘बंद पडतं तेव्हा समुद्र कसा असतो? टाकीत डिझेल किती असतं?’ मग त्यांनी टाकीची नळी काढली, स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून इंजिनाला नळी जोडली आणि नौका बाहेर धाडली. चार तास इंजिन अखंड चालले. टाकी उघडली तर तळाशी काळा, बुळबुळीत गाळ! अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचे पाणी होते, ते डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसते आणि दोहोंच्या सीमेवर सूक्ष्मजंतू वाढून असा गाळ तयार होतो. लाटांनी तो ढवळला जाई आणि नळीच्या तोंडाशी चिकटे. इंजिन बंद पडले, ओढ थांबली, की गळून खाली बसे.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. त्यात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटते. म्हणजे स्वच्छ इंधन, पुरेशी हवा आणि पुरेसा दाब एवढेच ते मागते, आणि काय कमी पडले हे बहुतेक वेळा स्वतःच सांगते. काळा धूर म्हणजे हवा अपुरी किंवा बोजा जास्त. कधी पंख्यात जाळ्याचा दोर अडकलेला असतो आणि आपण नॉझलला दोष देतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम इंजिनाचा पांढरा धूर थांबत नसेल तर इंधन न जळता जाते आहे किंवा आत पाणी शिरले आहे. ऑइल दुधाळ झाले तर त्यात पाणी आहेच. इंजिन तापले तर हेड खोलण्याआधी समुद्राच्या पाण्याची गाळणी पाहावी. तिथे प्लॅस्टिकची पिशवी सापडते.

आता खरा मुद्दा. बदललेल्या भागांचे हजारो रुपये निमूट देणाऱ्या त्या नाखव्याने वस्तादांच्या हातावर चहापाण्यापुरते पैसे ठेवले. ‘तुम्ही बदललंत काय?’ हा त्याचा सवाल! वस्ताद हसले, पण मी नको तो धडा शिकलो. पुढे माझे स्वतःचे दुकान झाले तेव्हा मीही गरज नसताना नॉझल बदलले, कारण बिलात दाखवायला काहीतरी लागे. अशीच एक नौका मी ‘दुरुस्त’ करून पाठवली. ती रात्रभर बंद इंजिनानिशी तरंगत राहिली आणि सकाळी दुसऱ्या नौकेने ओढत आणली. खलाशी काही बोलले नाहीत. त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

‘हंगामात विचार करायला वेळ कुठे?’ असे कोणी म्हणेल. पण चुकीचा भाग बदलायला लागलेला वेळही हंगामातलाच असतो! तेव्हा तांडेलाने एक वही ठेवावी. इंजिन किती तास चालले, ऑइल कधी बदलले, बिघाड केव्हा आणि कोणत्या हवेत झाला, एवढे तीत लिहावे. पावसाळी बंदीत नौकेला रंग देतो तशी टाकीही धुवावी. आणि मिस्त्र्याच्या बिलात निदानाची मजुरी वेगळी लिहावी, काही बदलले नसले तरीही.

मी ती आता लिहितो. काही गिऱ्हाईके कुरकुरतात, काही दुसरीकडे जातात. जी थांबतात त्यांना मी आधी विचारतो, ‘बंद कधी पडतं?’