विश्लेषण : व्हिडीओ गेममधला सह्याद्री आंबेनळीच्या कसोटीवर किती उतरतो?

पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढू लागले की एका बाजूला काळा कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी, असा प्रवास सुरू होतो. पुढे प्रतापगडाकडे जाणारा फाटा लागतो आणि त्याच्याही वर महाबळेश्वर. याच डोंगररांगेचे, म्हणजे पश्चिम घाटाचे नाव दिलेले एक प्रकरण जगभरात लाखो जणांनी टीव्हीच्या पडद्यावर जीप चालवत पार केले आहे. ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ या व्हिडीओ गेममधील हे प्रकरण मोठ्या विदेशी कंपनीने सह्याद्रीला दिलेला बहुधा सर्वांत ठळक मान ठरावा. प्रतापगड आणि रायगड २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून ‘मराठ्यांवर असा गेम का नाही?’ हा प्रश्न वाढत्या आवाजात विचारला जातो. त्याआधी हा गेम तपासून पाहायला हवा.

हा गेम नेमका काय आहे?

अमेरिकेतील ‘नॉटी डॉग’ या स्टुडिओने तो तयार केला आणि सोनीने ऑगस्ट २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये तो प्लेस्टेशन ५ आणि संगणकावरही आला. नायिका क्लोई फ्रेझर हिचे वडील भारतीय, तर जोडीदार नदीन रॉस ही दक्षिण आफ्रिकेची माजी भाडोत्री सैनिक. दोघी गणपतीच्या तुटलेल्या दाताच्या शोधात होयसळांच्या हरवलेल्या नगरीकडे निघतात आणि असव नावाचा बंडखोर म्होरक्या त्याच वस्तूच्या मागावर असतो. कथेचा धागा गणपती आणि परशुराम यांच्या युद्धाच्या पुराणकथेतून घेतलेला आहे. ज्या कोकणाला परशुरामाची भूमी म्हणतात, तिथल्या वाचकाला हा धागा परका वाटणार नाही.

‘खुले जग’ म्हणजे किती खुले?

‘ओपन वर्ल्ड’ म्हणजे खेळाडूला ठरावीक वाटेने न नेता मोठ्या प्रदेशात मोकळे सोडणारा गेम. कुठे आधी जायचे, काय टाळायचे हे तोच ठरवतो. या व्याख्येने ‘लॉस्ट लेगसी’ पूर्ण खुला नाही. ही मालिका सरळ रेषेत पळणारी; त्यातले चौथे प्रकरण तेवढे रुंद केलेले आहे. आधी एका मनोऱ्यावर चढायचे, तिथून दिसणाऱ्या खुणा नकाशावर येतात आणि मग त्रिशूळ, परशू व धनुष्य यांच्या खुणा असलेल्या तीन दुर्गांपैकी हवा तो आधी गाठायचा.

हा अर्धवटपणाच या गेमच्या फायद्याचा ठरला. शंभर-शंभर तास चालणाऱ्या गेममध्ये नकाशा चिन्हांनी इतका भरतो की खेळणे हे तलाठ्याच्या दप्तरासारखे काम होऊन बसते : एक नोंद पूर्ण केली की पुढची. ‘लॉस्ट लेगसी’ सात-आठ तासांत संपतो आणि रुंद भाग कंटाळा येण्याआधीच आवरता घेतो.

जमेच्या बाजू कोणत्या?

पहिली म्हणजे नकाशा. पडद्याच्या कोपऱ्यात सतत फिरणारा बाण नाही. क्लोईच्या हातात कागद असतो, तो उघडून पाहावा लागतो आणि जाऊन आलेल्या जागांची नोंद त्यावर होत जाते. रस्ता चुकतो, मग डोंगराचा आकार पाहून पुन्हा सापडतो. घाटमाथ्यावर भटकणाऱ्या कोणालाही ही सवय ओळखीची आहे. वाटेत विखुरलेल्या ११ होयसळ मुद्रा शोधल्या तर एक कंकण मिळते आणि लपलेला खजिना जवळ आला की ते खूण देते. पण या मुद्रा शोधल्या नाहीत म्हणून काही अडत नाही. ऐच्छिक गोष्ट खरोखर ऐच्छिक ठेवणे मोठ्या गेमना क्वचितच जमते.

दुसरी बाजू जीपची. चिखलाच्या चढावर चाके घसरतात, मागे यावे लागते, वेगळ्या कोनातून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. आणि या साऱ्या वेळात दोघी बोलत असतात. एकमेकींवर भरवसा नसलेल्या दोन बायकांमध्ये हळूहळू जुळत जाणारे नाते हा या गेमचा खरा ऐवज आहे आणि ते जुळते मुख्यतः प्रवासात. गोळीबार मात्र नेहमीचाच : आडोसा, नेम, पुन्हा आडोसा. तीन दुर्गांचा क्रम खेळाडूच्या हाती असला तरी शत्रूंना हटवा आणि कोडे सोडवा हा साचा फारसा बदलत नाही.

सह्याद्री कुठे हरवतो?

सगळ्यात आधी माणसांत. गेमच्या सुरुवातीला शहरातला बाजार आहे, गर्दी आहे. पश्चिम घाटात शिरताच वस्ती संपते. उरतात ती भग्न मंदिरे, धबधबे, माकडे आणि बंदूकधारी. वाडी नाही, गुरे नाहीत, डोंगरउतारावरची नाचणी नाही, देवराई नाही. प्रत्यक्षातला पश्चिम घाट शतकानुशतके राबता आहे. तानाजी मालुसरे यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यातच आहे आणि आंबेनळीच्या परिसरातल्या वाड्यांवर गणपती-शिमग्याला मुंबईहून चाकरमानी येतात. निर्मनुष्य, गूढ, लुटायला मोकळा पूर्वेकडचा प्रदेश ही साहसकथांची फार जुनी खोड आहे. अर्धी भारतीय नायिका घेतल्याने ती थोडी झाकली जाते इतकेच.

होयसळांचेही तसेच. बेलूर-हळेबीडची मंदिरे थक्क करतात ती उंचीने नव्हे. तारकाकृती जोत्यावरची ती बुटकी वास्तू आणि मऊ दगडातले दागिन्यासारखे बारीक कोरीवकाम हे त्यांचे वैशिष्ट्य. गेममध्ये त्याच नावाखाली डोंगराएवढ्या मूर्ती आणि अजस्र यंत्रे उभी राहतात. कल्पनेला मुभा हवीच. पण बारकाईसाठी ओळखली जाणारी कला केवळ भव्यतेसाठी वापरणे ही निवड आळशी म्हणावी लागेल.

आणि धोका. जीप कड्यावरून गेली तर काही सेकंदांत ती पुन्हा रस्त्यावर उभी असते. गेमला ते करावेच लागते. आंबेनळीत २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि एक जण वगळता सारे प्रवासी दगावले. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, घाट जागोजागी खचून बंद पडला, पोलादपूर तालुक्यात साखरसुतारवाडी आणि केवनाळे येथे, तर महाडमध्ये तळीये येथे दरडी कोसळल्या. एकट्या तळीयेत ८० हून अधिक माणसे गेली. करमणुकीच्या खेळाने हे दुःख दाखवावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र घाटात पाऊस हा देखावा नसतो, वाट कोणती चालू आणि कोणती बंद हे तोच ठरवतो. गेममधल्या घाटात ऋतू फिरत नाही, दिवसही मावळत नाही.

जावळी अशा गेममध्ये का मावत नाही?

खुल्या जगाच्या गेमचे एक अलिखित तत्त्व असते : जे दिसते तिथे जाता येते. उंच जागी चढा, प्रदेश उलगडेल. जावळीचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांची जावळी घेतली आणि मोरोपंत पिंगळे यांच्याकडून प्रतापगड बांधून घेतला. १६५९ मध्ये अफझलखान वाईहून रडतोंडीच्या घाटाने या खोऱ्यात उतरला आणि पार गावाजवळ त्याची छावणी पडली. १० नोव्हेंबरच्या भेटीनंतर रानात दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी ती छावणी उधळली. तिथे शस्त्राइतकेच काम केले ते न दिसण्याने. वाटा माहीत असणारा आणि नसणारा यांच्यातला फरक म्हणजेच जावळी. मनोऱ्यावर चढून सगळा नकाशा उघडणारा गेम या खोऱ्यात आणला, तर पहिल्या दहा मिनिटांत जावळी संपेल. उरेल ती फक्त हिरवळ आणि तलवारबाजी.

यावर उपाय नाही असे नाही. जुलै २०२० मध्ये आलेल्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ने बाणाऐवजी वाऱ्याला वाटाड्या केले, झुकणारे गवत पाहून दिशा ओळखायची. १२७४च्या मंगोल आक्रमणावरील या गेमचेही दोष आहेत. तलवारी आणि चिलखते पुष्कळशी नंतरच्या काळातली, कोल्ह्यामागे धावण्याची कामे पुन्हापुन्हा तीच. तरी बेट त्यात जिवंत झाले. सप्टेंबर २०२० मधील वादळात तिथल्या वाताझुमी मंदिराचे तोरणद्वार पडले, तेव्हा ५० लाख येनच्या उद्दिष्टापुढे २ कोटी ७० लाखांहून अधिक येन लोकवर्गणीतून जमले. देणाऱ्यांत गेम खेळलेले अनेक जण होते. २०२१ मध्ये त्सुशिमा शहराने गेमच्या दोन दिग्दर्शकांना पर्यटनदूत नेमले.

मराठी मुलखावरचा असा गेम कोण करणार?

क्षमता जवळच आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ आणला. त्यासाठीची लोकवर्गणीची मोहीम आधी फसली होती, तरी गेम झाला आणि जगभर खेळला गेला. तो खुल्या जगाचा नाही. छोट्या चमूला एकेक दालन नीट घडवणे परवडते, शेकडो चौरस किलोमीटर नाही. म्हणून प्रतापगडावर गेम हवा म्हणणाऱ्यांनी अख्ख्या स्वराज्याचा नकाशा मागू नये. पार ते प्रतापगड एवढे एकच खोरे, एकच पावसाळा आणि त्यानंतरचा एक हिवाळा पुरेसा आहे. रानातल्या वाटा गावकऱ्यांशी बोलूनच कळाव्यात, पावसात त्यातल्या काही बंद व्हाव्यात आणि मनोरा एकही नसावा. गडावरून खाली पाहिले तर बहुतेक वेळा धुकेच दिसावे, जसे जुलैत आंबेनळीतून जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून दिसते.