सोबत हवी, मुदतवाढ नव्हे

डिमेन्शियाविषयीची, म्हणजे स्मृतिभ्रंशाविषयीची, जागतिक कृतियोजना २०२५ मध्ये संपायची होती. जागतिक आरोग्य सभेने तिला थेट २०३१पर्यंत मुदतवाढ दिली. २०१७मध्ये ही योजना मंजूर झाली, तेव्हा तीन-चतुर्थांश देशांनी २०२५पर्यंत आपापले धोरण आखावे असे ठरले होते. भारताचे स्वतंत्र राष्ट्रीय धोरण अजूनही नाही. सरकारांना आणखी सहा वर्षे मिळाली. घरातल्या रुग्णाला ती मिळत नाहीत. आज गॅस बंद करायला विसरणारी आई सहा वर्षांनी लेकीला ओळखेल, याची हमी कोण देणार?

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. २०३६पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. बायकांत आणि खेड्यांत प्रमाण अधिक. या माणसांना सांभाळते कोण? बहुतेक घरांत पत्नी, लेक किंवा सून. अपरात्री दार उघडून निघालेल्या सासऱ्यांमागे धावणारी, एकच प्रश्न दिवसभर ऐकणारी ही बाई दोन तास निवांत झोपूही शकत नाही. शेजारी तिला सांगतात, ‘वयोमानानं होतंच.’ होत नाही! हा मेंदूचा आजार आहे. तो मुळापासून बरा करणारे औषध आज नाही, म्हणूनच शेजारी बसणारे माणूस इतके मोलाचे आहे.

ते माणूस तयार करता येते. जपानने २००५पासून सामान्य नागरिकांना सुमारे दीड तासाचे प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. बँकेतले कारकून, दुकानदार, शाळकरी मुले असे एक कोटीहून अधिक लोक त्यातून गेले. ओमुता शहरात तर हरवलेल्या वृद्धाला शोधण्याची रंगीत तालीम होते: एक जण वाट चुकलेल्याची भूमिका करतो आणि बाकीचे त्याच्याशी कसे बोलायचे ते शिकतात. इतके करूनही २०२३मध्ये जपानच्या पोलिसांकडे स्मृतिभ्रंश असलेल्या बेपत्ता व्यक्तींच्या १९ हजारांवर नोंदी झाल्या. मग जिथे काहीच तयारी नाही, तिथले काय?

जपान दूर वाटत असेल तर केरळकडे पाहावे. अल्झायमरग्रस्तांसाठी काम करणारी देशातली एक संस्था १९९२मध्ये त्रिशूर जिल्ह्यातल्या कुन्नमकुलमसारख्या छोट्या गावातून उभी राहिली. अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा शेजारपाजारचे स्वयंसेवक करू शकतात, हेही त्याच राज्याने दाखवून दिले.

महाराष्ट्रात माणसांची वाण नाही. गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रे आहेत, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आहेत. आठवड्यातून दोन तास एखाद्या आजोबांबरोबर फेरी मारायची, आजींसोबत मटार सोलायचे, जुनी गाणी लावायची. तेवढ्यात घरची बाई बँकेत जाऊन येईल, स्वतःच्या डॉक्टरांना भेटेल. शिकायचे फार नाही. वाद घालू नये, वाक्ये छोटी ठेवावीत, आणि दारात पाऊल टाकताच ‘ओळखलंत का मला?’ अशी परीक्षा घेऊ नये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात हत्तीमागे निघून गेलेल्या संस्कृत पंडिताला माहुताची बायको चन्नम्मा सांभाळते. तिच्याकडे पदवी नव्हती, माया होती. तो चित्रपट मराठी प्रेक्षकांनी वाखाणला. त्यातली चन्नम्मा सोसायट्यांमध्ये मात्र दिसत नाही. तिथे वाट चुकलेल्या आजोबांची तक्रार व्हॉट्सॲपच्या गटावर होते.

सर्वांत संतापजनक गोष्ट अशी, की यासाठी नवा कायदाही नको. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्याखाली केंद्राने राज्यांना दिलेल्या आदर्श नियमांतच प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या, ज्येष्ठांची यादी ठेवावी, शक्यतो स्वयंसेवकाला सोबत घेऊन महिन्यातून किमान एकदा त्यांची भेट घ्यावी आणि ठाण्यागणिक स्वयंसेवकांची समिती नेमावी, असे लिहिलेले आहे. त्याच समितीला दीड तासाचे प्रशिक्षण दिले तरी निम्मे काम होईल. आरोग्य खाते, समाजकल्याण खाते आणि गृहखाते यांनी एकमेकांकडे बोट दाखवणे थांबवावे. वाचकांनीही वाट पाहू नये. जवळच्या ठाण्यात जाऊन विचारावे, आमच्या भागाची समिती कुठे आहे? नसेल तर आजच नेमा आणि आमची नावे लिहून घ्या.