मोठ्या मायच्या खोडी

या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने संस्थेच्या जडणघडणीत ज्यांचा वाटा आहे त्यांच्याविषयी लिहावे, असे सुचविले होते. पुष्कळ विचार करून आम्ही आमच्या आजीविषयी लिहावयाचे ठरविले. कोनशिलेवर तिचे नाव नाही, देणगीदारांच्या यादीत नाही. या आवारात ती आली असेल दोन-तीन वेळा, तीही भाकरीचे गाठोडे घेऊन आणि 'इतक्या लेकरायला हे कसं पुरावं' असे पुटपुटत.

विष्णुपुरीच्या आमच्या घरात तिला सारे 'मोठी माय' म्हणत. तिच्या खोडी भावकीत प्रसिद्ध होत्या आणि आजही चार नातलग जमले की त्यांवरच हशा पिकतो. पहिली खोड पाण्याची. कोणाच्याही घरी गेली की ती आणून दिलेला तांब्या घेत नसे. 'बस, मीच घेते माझ्या हातानं' म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरे, माठावरचे झाकण काढी आणि ओगराळ्याने पाणी काढून सावकाश पिई. आम्ही नोकरीला लागल्यावर एका सहकाऱ्याच्या घरी तिला घेऊन गेलो होतो. तेथेही तिने हेच केले. त्या घरातील वृद्ध बाई दारातच थबकल्या; आम्ही शरमेने खाली पाहत होतो. मोठी माय मात्र पदराने तोंड पुसून म्हणाली, 'पाणी ग्वाड हाय तुमचं.' परतताना आम्ही तिच्यावर रागावलो. तिने उत्तर दिले नाही.

त्याच आठवड्यात आम्ही वर्गात महाडचा सत्याग्रह शिकविला. दिनांक २० मार्च १९२७, चवदार तळे, नगरपालिकेचा ठराव, पुढे न्यायालयात चाललेला दावा असे सगळे फळ्यावर लिहिले. इतिहासाच्या शिक्षकाला सनावळीचा मोह सुटत नाही. घरातली बाई तेच महाड रोज कोणाच्या ना कोणाच्या माठावर करीत होती, हे ध्यानात यायला आम्हांला आणखी बरीच वर्षे लागली. ज्या गोदावरीचे पाणी आज विष्णुपुरीच्या धरणातून नांदेडच्या घराघरांत जाते, तिच्याच काठच्या पाणवठ्यावर दुसऱ्याने वरून ओतलेल्या पाण्यासाठी ओंजळ धरून उभे राहण्यात तिचे बालपण गेले होते.

दुसरी खोड कडीची. रात्री ती तीनदा उठे, दाराची कडी चाचपून पाही आणि झोपलेल्या पोरांच्या डोक्यांना हात लावून मोजणी करी. पाहुणा मुक्कामी असला की गणित चुके आणि साऱ्या घराला जागे व्हावे लागे. उशाशी दोन लुगडी आणि एक तांब्या बांधलेले गाठोडे कायम असे. आम्ही त्याला 'मोठ्या मायची पेटी तयार' म्हणून चिडवीत असू. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात, विशेषतः नांदेड-परभणीच्या खेड्यांत, आपल्या वस्त्यांवर काय गुदरले हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. मोठी माय तेव्हा लेकीच्या गावी होती. दोन रात्री तिने नातवंडांसह उसाच्या फडात काढल्या. त्या अंधारात ती हाताने डोकी मोजत होती. हे तिने स्वतः कधी सांगितले नाही. आत्याकडून कळले, तेही मोठी माय गेल्यावर.

तिसरी खोड आमच्या आईनेही उचलली. सकाळी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभे राहून घरातील साऱ्या वार्ता सांगावयाच्या: म्हैस व्याली, धाकटा गणितात नापास झाला, सुनेने डाळ करपविली. आई चौथी शिकलेली; ती बोलण्याऐवजी लिही. लोणच्याच्या बरणीवर, कणगीवर, छायाचित्रांच्या पाठीवर, भिंतीवरसुद्धा पेन्सिलीने तारीख घालावयाची तिला सवय. आज आमच्या घराण्याचा जो काही कालक्रम आम्हांस मांडता येतो, तो मुख्यतः लोणच्याच्या बरण्यांवरून.

आमचे म्हणणे इतकेच आहे की, हे आपण लिहून ठेवीत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला, चळवळीतील बायांना त्यांच्या दारी जाऊन बोलते केले. मराठवाड्याच्या खेड्यांतील आज्या मात्र एकेक करून न बोलताच निघून चालल्या आहेत. आपल्या स्मरणिकांत पाहुण्यांची छायाचित्रे पानभर असतात आणि आईचा उल्लेख एका ओळीत येतो: तिने काबाडकष्ट केले. कष्ट खरेच आहेत. पण ती भांडत कशी होती, रुसत कशी होती, कोणाला कोणत्या नावाने हाक मारीत होती, हे कोठे आहे? केवळ सोसणारी आई ही अर्धीच आई होय. आमच्या एका सहकाऱ्यांना भीती वाटते की, असे लेखन मुलांकडून करविले तर जुन्या जखमा उघड्या पडतील आणि मुले खजील होतील. ही भीती पोकळ नाही. आम्ही स्वतः त्या परक्या घरात खजील झालो होतो. म्हणूनच दुःखाचा निबंध मागू नये, आजीची एक खोड मागावी, असे आमचे मत आहे. गेल्या वर्षी नववीच्या मुलांना आम्ही तसे सांगून पाहिले. मुले हसत हसत लिहावयास बसली आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी जाऊन 'ती असं का करते' हे विचारून आली. काहींना उत्तर मिळाले, काहींच्या आज्या नुसत्या हसल्या.

आमच्या बाबतीत विचारण्याची वेळ टळून गेली. एकच गोष्ट तिने आपणहून बोलून दाखविली. १९९३ साली आम्ही इतिहासात एम. ए. झालो. पदवीचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीला लावावे म्हणून आणले, तर तिने ते आधी वाचून दाखवावयास लावले. आम्ही अभिमानाने वाचले. ती म्हणाली, 'याच्यात बाबासाहेबायचं नाव कुटं हाय?' नाव नव्हते. त्यावर केवळ 'मराठवाडा विद्यापीठ' असे होते. 'मंग ऱ्हाऊ दे. नाव लागल्यावर लाव.' आईने समजूत घातली, आम्ही चिडलो, पण खिळा काही ठोकू दिला नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी आम्ही बी. एड. झालो. ते प्रमाणपत्र आले तेव्हा तिने वरच्या ओळीवर बोट ठेवून आमच्याकडून अक्षर न् अक्षर म्हणवून घेतले आणि खिळा ठोकावयास स्वतः दगड आणून दिला. तसबिरीशेजारी आजही तेच लटकत आहे. पाठीमागे आईच्या हातची पेन्सिलीची तारीख आहे. एम. ए.चे मात्र अजून ट्रंकेत आहे.